रानसशाची कृती पाळीव सशाला लावू नका

घाटंजीची सून

मागच्या रविवारी नणंदेच्या शेडमधला ससा आणला. पांढरा न्यूझीलंड जातीचा, तीन महिन्यांचा, दोन किलोच्या आसपास. सासूबाई सांगतात तसाच रांधला. रात्रभर आंबट ताकात ठेवला, सकाळी पाट्यावर खोबरं, खसखस, दगडफूल, धने, लवंग, काळी मिरी वाटली आणि चुलीवर दोन तास शिजवला. ताटात वाढला तेव्हा रस्सा उत्तम होता, मांस मात्र कापसाच्या सरकीसारखं कोरडं. लेकाने दोन घास खाऊन वाटी सरकवली.

त्यावर मी बराच विचार केला. सासूबाईंची कृती चुकीची नाही, ती रानसशाची आहे. रानससा जन्मभर पळतो, म्हणून त्याचं मांस गडद लाल, चिवट आणि उग्र वासाचं. त्याला ताक, गरम मसाला आणि लांब आच लागायचीच. शेडमधला ससा पिंजऱ्यात बसून खातो. त्याचं मांस कोंबडीसारखं पांढरं, जवळजवळ बिनवासाचं आणि चरबी अगदी कमी. वासच नाही तर तो मारायला एवढं आंबट कशाला? आंबटात फार वेळ राहिलं की कोवळं मांस वरून पिठूळ होतं आणि चुलीवर उरलंसुरलं पाणीही सोडून देतं.

म्हणून माझं मत असं, की पाळीव सशाला ताक नको. एक लिटर पाण्यात दोन चमचे मीठ घालून त्यात चार तास ठेवा. मिठाने मांस पाणी धरून ठेवतं. मग पुसून हळद, आलं-लसूण लावा. पाठीवरचा पांढुरका पापुद्रा सुरीने काढा, तो शिजताना आवळतो आणि तुकडा वाकडा होतो. मांड्या आणि पुढचे पाय आधी टाका, कंबरेचे तुकडे शेवटी. तेल सढळ हाताने घाला, कारण मांसाची स्वतःची चरबी नाही. गंजावर, म्हणजे पातेल्यावर, ताट ठेवून ताटात पाणी घाला आणि चुलीतली लाकडं मागे ओढा. मसाला अर्धाच. आणि भाकरी ज्वारीचीच.

रानसशाची शिकार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे आणि ती बंदच राहावी. इथे कोणी रानातून आणायची गोष्ट काढू नये.

महालातला सावजी

ताई, तुमच्या अर्ध्या मसाल्याशी मी अजिबात सहमत नाही. ज्या मांसाला स्वतःची चव कमी, त्यालाच मसाला जास्त लागतो. पांढरं मांस फिकं असतं हे तुम्हीच लिहिलं, मग मसाला कमी करून त्याला चव कुठून येणार? आमच्याकडे, नागपूरच्या महाल भागात, सावजी रस्सा जवसाच्या तेलात होतो, वरती तर्री आली पाहिजे, आणि मसाला इतका भाजायचा की वास गल्लीच्या टोकाला जावा. खसखस आणि खोबऱ्याचं तेल सुटून मांसाभोवती बसतं, तोच कोरडेपणावर इलाज आहे. तुमचा ससा कोरडा झाला तो दोन तासांच्या आचेने. मसाल्याला दोष देऊ नका.

बाभुळगावचा म्हातारा

मी सत्तरीच्या वरचा मानूस. आमच्या लहानपनी कायदा कोनाले मालूम नोता, बाप वाघूर, म्हंजे सशाचं जाळं, लावे, म्हनून सांगतो. आता कोनी लावू नये, पन तवाची रीत तुमाले समजली पाहिजे.

ससा घरी आला का पयलं काम पोट साफ करनं. उनाच्या दिवसात दोन तास तसाच ठेवला त मंग कितीबी मसाला टाका, वास जात नाई. मुताची पिशवी फुटली का सारं मांस गेलं. सोलताना केस मांसाले लागू द्याचे नाई, अर्धा वास केसाचाच असे. मंग माय ते मिठाच्या पान्यात ठेवे, पानी लाल झालं का बदलवे, असं तीनदा. ताक त्याच्यानंतर, आन् तेबी गोडं. आंबट ताक कोनीच घेत नोतं! तुमच्या सासूबाईची रीत मधातच कुठंतरी बिघडली. पोरी, ताक सोडू नको, आंबट सोड.

आन् एक गोष्ट. पाळलेल्या सशाले ससा म्हनाले माह्या जिभेले जड जाते. त्याच्यात रान नाई.

वाशीमचा मास्तर

बाबांबद्दल आदर आहे, पण शेवटचं वाक्य मला खटकलं. ‘त्याच्यात रान नाही’ असं वाचूनच कुणीतरी तरुण पोरगा रात्री टॉर्च घेऊन शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जातो. मी शाळेत मुलांना कारंजा-सोहोळ अभयारण्यात नेतो. तिथल्या काळविटांइतकाच ससाही त्या गवताचा आहे. तो बीळ करत नाही, गवतात दबून बसतो, पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. लांडगा, कोल्हा, रानमांजर, गरुड, सगळ्यांचं पोट त्याच्यावर आहे.

कायदाही नीट सांगू या. 2022 च्या दुरुस्तीने शिकारीचा साधा दंडसुद्धा पंचवीस हजारांवरून एक लाखापर्यंत गेला, कैद तीन वर्षांपर्यंत. अभयारण्याच्या आत शिकार केली तर तीन ते सात वर्षं. ज्या चवीचं नुसतं वर्णन लोकांना जाळ्यापर्यंत नेऊ शकतं, ती लिहायचीच कशाला, असं माझं प्रामाणिक मत आहे.

कास्तकार, पांढरकवडा

मास्तर, कायदा मान्य. पण तूर दोन पानांवर असताना ओळीच्या ओळी कुरतडलेल्या तुम्ही पाहिल्या आहेत का? रोही (नीलगाय) आणि रानडुकराच्या मागे आम्ही रात्र-रात्र जागतो, त्यात हाही. टिपेश्वर अभयारण्य जवळ, त्यामुळे काठीसुद्धा जपून उचलतो. गरुडाचं पोट भरावं हे बरोबर, आमचंही भरावं. मांसाबद्दल म्हणाल तर मी सावजीच्या बाजूने. अर्ध्या मसाल्याचं जेवण पाहुण्यासमोर ठेवायची लाज वाटेल.

मोर्शीची सुगरण

चूल, गंज, दोन तास! सोयाबीन काढणीच्या दिवसांत कुणाला एवढा वेळ असतो? मी कुकरमध्येच करते. फक्त मोठ्या आचेवर शिट्ट्या मारत बसायचं नाही. एक शिट्टी झाली की आच अगदी बारीक, पंधरा मिनिटं, मग वाफ आपोआप उतरू द्यायची. शिट्टी उचलून वाफ काढली की मांस आक्रसतं, हे मटणालाही लागू आहे. मिठाच्या पाण्याचं मात्र पटलं, पुढच्या वेळी करून बघते. आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, शेवटी भरपूर.

घाटंजीची सून

मास्तर, तुमची भीती खोटी नाही. पण न लिहिल्याने उलटं होतं, असं मला वाटतं. आमच्या गावात शेडमधला ससा एकदा खाऊन ‘याला चव नाही’ म्हणणारे कमीत कमी चार जण मला माहीत आहेत. त्यांची नजर पुन्हा रानाकडेच जाते. घरचा ससा नीट रांधला गेला तर ती नजर फिरेल, म्हणूनच मी एवढं लिहिलं. बाबांची रीत कुठे तरी लिहून राहिली पाहिजे हेही मला वाटतं. ती आमच्या आजेसासूची रीत आहे, आणि ती बाई आता नाही.

बाबा, तुमचा मुद्दा मान्य. सासूबाईंना विचारलं. पूर्वी घरी म्हैस होती, ताक ताजं असायचं. आता विकतच्या दह्याचं करतो आणि ते रात्रभरात आंबट ढाण होतं. म्हणजे बिघाड माझ्याच ताकात होता. पुढच्या वेळी मिठाच्या पाण्यानंतर गोडं ताक, फक्त एक तास.

सावजीदादा, तुमचं अर्धं घेते. दोन तास जास्त झाले हे खरं. तीन महिन्यांच्या सशाला पाऊण तास पुरे, मांडीचं मांस हाडापासून सुटलं की उतरवायचा. आता मी रस्सा वेगळा करीन, पूर्ण मसाल्याचा, जवसाच्या तेलात. तो तासभर उकळला तरी हरकत नाही. मांस त्यात नंतर सोडीन.

महालातला सावजी

रस्सा वेगळा आणि मांस वेगळं, मग रस्सा मांसात मुरणार कधी? हाडाचा अर्क रस्स्यात उतरला पाहिजे, नाहीतर ते नुसतं मसाल्याचं पाणी.

घाटंजीची सून

मान, फासळ्या आणि पुढचे पाय पहिल्यापासून रस्स्यात घालते, त्यांच्यात हाडच जास्त, अर्क तिथूनच येईल. मांड्या नंतर. कंबरेचे तुकडे मात्र शेवटच्या पंधरा मिनिटांतच, यावरून मी हटणार नाही.