शब्दचर्चा : प्रकाशदाब आणि फोटोफोरेसिस

प्रश्न (फोंडा) : हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवर प्रकाशामुळे जे बल येते, त्यासाठी विद्यार्थ्यांच्या टिपणात मी सर्वत्र 'प्रकाशदाब' लिहिले आहे. फोटोफोरेसिसलाही तोच शब्द चालेल, की 'प्रकाशसरण' म्हणावे?

उत्तर (मडगाव) : 'प्रकाशदाब' येथे चालणार नाही, कारण दोन्ही ठिकाणी कणाला ढकलणारा वेगळा आहे. प्रकाशदाबात प्रकाशाचा स्वतःचा संवेग कणाला मिळतो. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये त्याचे गणित मांडले, आणि पृथ्वीच्या कक्षेत सूर्यप्रकाश पूर्णपणे शोषणाऱ्या पृष्ठभागावर तो दर चौरस मीटरला जेमतेम ४.५ मायक्रोन्यूटन भरतो. निर्वातातही तो असतोच. फोटोफोरेसिसमध्ये मात्र प्रकाश कणाची एक बाजू अधिक तापवतो, त्या बाजूवर आदळलेले वायूचे रेणू अधिक वेगाने परततात आणि त्यांच्या प्रतिक्रियेने कण थंड बाजूकडे सरकतो. धक्का वायूचा, निमित्त प्रकाशाचे. काजळीसारख्या प्रकाश शोषणाऱ्या कणावर हे बल प्रकाशदाबाच्या कित्येक पट असू शकते, परंतु वायू काढून घेतला की ते उरत नाही.

दिशेचाही विचार हवा. व्हिएन्नाचे भौतिकशास्त्रज्ञ एरेनहाफ्ट यांना काही कण चक्क प्रकाशाकडे येताना दिसले होते. अर्धपारदर्शक कण भिंगासारखा वागून प्रकाश आपल्या मागच्या बाजूला एकवटतो, ती बाजू अधिक तापते आणि कण उजेडाच्या दिशेने निघतो. त्यामुळे 'रेटा', 'ढकल' असे दिशा गृहीत धरणारे शब्दही मी टाळीन. 'प्रकाशप्रेरित कणचलन' लांब आहे खरे, पण अचूक आहे.

पुरवणी (डिचोली) : 'प्रकाशसरण' नकोच, 'सरण' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर चिता येते. नुसते 'प्रकाशचलन' केले तर प्रकाशच चालतो असा विग्रह होतो, म्हणून 'कण' हे पद राहू द्यावे. कणाला 'त्रसरेणू' म्हणण्याचा मोह मलाही होतो, कारण जाळीतून आलेल्या उन्हात दिसणाऱ्या रजःकणाचे ते जुने, सुंदर नाव आहे. परंतु काचेच्या कौलातून उतरणाऱ्या कवडशात आमच्या खाणपट्ट्यातली तांबडी धूळ नाचते ती मुख्यतः हवेच्या झुळकांनी, प्रकाशाच्या बलाने नव्हे, त्यामुळे त्या शब्दाने विद्यार्थ्यांचा गैरसमज होईल. टिपणात पहिल्या उल्लेखाला 'प्रकाशप्रेरित कणचलन, म्हणजे फोटोफोरेसिस' असे लिहावे आणि पुढे नुसते 'कणचलन' वापरावे.