फाइल अचानक 'लॉक' झाली तर : तुमचे अनुभव आणि उपाय इथे लिहा

गवती चहा
सोसायटीच्या ग्रुपवर आज परत तोच स्क्रीनशॉट आला. 'फाइल इन यूज, लॉक्ड फॉर एडिटिंग बाय…' आणि पुढे स्वतःचंच नाव. मदतकक्षातले मार्च महिने आठवले, वर्षअखेरीलाच सगळ्यांच्या फाइली अडकायच्या. ग्रुपवर लगेच सल्लेही सुरू झाले: फॉरमॅट मारा, पासवर्ड तोडायचं सॉफ्टवेअर टाका. म्हणून हा धागा. ज्याला जे कुलूप ठाऊक आहे त्याने ते नीट लिहा, म्हणजे घाईत कुणाचं काम वाया जाणार नाही.

वर्डपासून सुरुवात करतो. वर्ड फाइल उघडतं तेव्हा त्याच फोल्डरमध्ये १६२ बाइटची एक लपलेली फाइल तयार करतं. तिचं नाव ~$ ने सुरू होतं आणि मूळ नाव लांब असेल तर पहिली दोन चिन्हं गळतात. मात्रा वेगळी मोजली जाते, म्हणून 'सोसायटी अहवाल'ची जोडीदार '~$सायटी अहवाल' अशी दिसते. एक्सेल मात्र नाव पूर्ण ठेवतं, पुढे फक्त ~$ लावतं. या फाइलीत उघडणाऱ्याचं नाव असतं. वर्ड नीट बंद झालं की ती आपोआप पुसली जाते. लाइट गेली किंवा वर्ड कोसळलं की ती मागे राहते, किंवा वर्ड पडद्याआड चालूच राहतं, आणि पुढच्या वेळी फाइल आधीच कुणीतरी उघडल्यासारखी दिसते.

आधी संदेशातलं नाव वाचा. दुसऱ्याचं असेल तर त्या माणसाला फोन करा, काही पुसू नका, तो खरंच काम करत असेल. स्वतःचं असेल तर वर्डच्या सगळ्या खिडक्या सेव्ह करून बंद करा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, 'डीटेल्स'मध्ये विनवर्ड अजून दिसत असेल तर 'एंड टास्क'. मग एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'मधून लपलेल्या फाइली दाखवायला सांगा आणि ती ~$ वाली फाइल पुसा. मूळ फाइल नव्हे, १६२ बाइटवालीच. आकार बघूनच डिलीट दाबा.

सांजवेळ
अगदी हेच सकाळपासून चाललंय! कुकर लावलाय, शिट्टी झाली की करून बघते.

तिरफळ
लिब्रऑफिसवाल्यांसाठी: तिथे जोडीदार फाइलीचं नाव टिंब, मग ~, मग 'लॉक', मग मूळ फाइलीचं पूर्ण नाव आणि शेवटी # असं असतं. ती नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. आत वापरकर्त्याचं नाव, संगणकाचं नाव, तारीख आणि वेळ, सगळं साध्या अक्षरांत. संगणक आपलाच आणि तारीख कालची, तर बिनधास्त पुसा. संगणक दुसरा असेल तर थांबा. उघडताना 'ओपन कॉपी' असा पर्यायही येतो, घाईच्या वेळी तो घ्या आणि नंतर दोन्ही प्रती ताडून बघा.

घाटावरचा
गचा, छान लिहिलंय. यात एक भर. फाइल कुठल्या प्रोग्रॅमने धरलीय तेच कळत नसेल तर विंडोज आणि आर दाबून 'रेसमॉन' चालवा. 'सीपीयू' टॅबमध्ये खाली 'असोसिएटेड हँडल्स' आहे, तिथल्या शोधचौकटीत फाइलीच्या नावाचा तुकडा टाका. धरून बसलेल्या प्रोग्रॅमचं नाव समोर येतं. मायक्रोसॉफ्टचं फुकट पॉवरटॉईज टाकलेलं असेल तर त्याहून सोपं, फाइलीवर राइट क्लिक केलं की 'फाइल लॉकस्मिथ' मिळतं, तेच काम करतं.

बऱ्याचदा नाव निघतं 'प्रेव्हहोस्ट'. ती एक्सप्लोररच्या उजवीकडची प्रीव्ह्यू पट्टी. फाइल उघडलेली नसते, पण तिचा नमुना दाखवायला विंडोजने धरलेली असते. नाव बदलता येत नाही, पुसता येत नाही, हलवता येत नाही. ऑल्ट आणि पी दाबा, पट्टी बंद, फाइल मोकळी.

पारिजात
शट डाउन करून परत चालू केलं तरी फाइल अडकलेलीच. असं का होतं?

घाटावरचा
@पारिजात शट डाउन नाही, रीस्टार्ट करा. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आहे. शट डाउन करताना वर्डसारखे आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे जपून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उठतात. कुलूप त्या थरात अडकलं असेल तर ते शट डाउनने सुटणार नाही. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

याचाच भाऊबंद: एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर लिनक्समधून विंडोजचा भाग 'फक्त वाचा' असाच उघडतो. कारण लिनक्सला तो झोपलेल्या अवस्थेत दिसतो. शिफ्ट दाबून शट डाउन केलं की तेवढ्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं.

कातळशिल्प
मॅकचं कुणी लिहिलेलं दिसत नाही. फाइल निवडून कमांड आणि आय दाबा, 'लॉक्ड'ची खूण असेल तर काढा. फाइलीवर नसेल तर वरच्या फोल्डरवर बघा. २०११ च्या लायनमध्ये तर दोन आठवडे हात न लावलेली कागदपत्रं सिस्टिम आपणहून लॉक करायची.

पण हल्ली जास्त दिसतं ते वेगळंच. विंडोजवर वापरलेली बाहेरची हार्ड डिस्क मॅकला लावली की सगळं दिसतं, उघडतं, पण सेव्ह होत नाही. ती डिस्क एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या मांडणीची असते. मॅक ती वाचतं, तिच्यावर लिहीत नाही. फाइल बिघडलेली नाही. आधी मॅकवर कॉपी करा, मग काम करा. दोन्हीकडे वापरायचीच असेल तर सगळा डेटा दुसरीकडे हलवून डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी लागेल. फॉरमॅटने सगळं पुसलं जातं, हे विसरू नका.

सांजवेळ
सुटली!! ~$ वालीच होती. पण आता दुसरी कटकट. भाचीचा नवा लॅपटॉप आहे, वर्ड उघडतं, फाइलही उघडते, पण टाइपच होत नाही. वरची सगळी बटणं राखाडी. 'सिलेक्शन इज लॉक्ड' असं काहीतरी म्हणतंय. तिचा प्रोजेक्ट उद्या द्यायचाय.

अबोली
@सांजवेळताई खिडकीच्या अगदी वरच्या पट्टीवर 'अनलायसन्स्ड प्रॉडक्ट' दिसतंय का बघा. नव्या लॅपटॉपवर ऑफिस बहुतेकदा ठरावीक मुदतीचं असतं. मुदत संपली की वर्ड चालू राहतं, पण फक्त वाचायला. फाइलीला काहीही झालेलं नाही, भाचीला आधी हे सांगा.

'फाइल' मग 'अकाउंट'मध्ये जा. लॅपटॉपबरोबर कायमचं ऑफिस घेतलेलं असेल तर ज्या ईमेलवर ते नोंदवलं त्याच ईमेलने साइन इन करा. चुकीच्या खात्याने आत गेल्यामुळेही असंच होतं. उद्याची घाई असेल तर तीच फाइल लिब्रऑफिसमध्ये उघडा किंवा ब्राउझरमधल्या फुकट वर्डमध्ये. लिब्रऑफिसमध्ये मराठी मजकुराचा फॉन्ट बदलला तर पानं थोडी सरकतात, छापायच्या आधी एकदा पीडीएफ काढून बघा.

पारिजात
आईच्या आधारची पीडीएफ पासवर्ड मागते. हे इथे चालेल का विचारलेलं?

तिरफळ
चालेल की. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं, मोठ्या लिपीत, आणि जन्मवर्षाचे चार आकडे. मधली मोकळी जागा धरायची नाही, 'साई कुमार' असेल तर एस ए आय के. टिंब असेल तर ते मात्र धरायचं. नाव तीनच अक्षरांचं असेल तर तीन अक्षरं आणि वर्ष. ई-पॅनला जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष असे आठ आकडे सलग. आयकराच्या एआयएसला (वार्षिक माहिती विवरणाला) पॅन लहान लिपीत आणि पुढे जन्मतारीख.

दरवेळी पासवर्ड नको असेल तर पीडीएफ क्रोममध्ये उघडा, कंट्रोल आणि पी, 'सेव्ह ॲज पीडीएफ'. नवी प्रत बिनपासवर्डची निघते. पण त्यात डिजिटल सही राहत नाही. सही तपासली जाणार असेल तिथे मूळ फाइलच द्या, आणि बिनपासवर्डची प्रत ग्रुपवर टाकू नका.

पारिजात
झालं. धन्यवाद _/\_ आईचं नाव आधारवर वेगळ्या स्पेलिंगने आहे, तेच आड येत होतं.

दवबिंदू
पिवळी पट्टी आणि 'एनेबल एडिटिंग' हे कुलूप नव्हे हो. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवर विंडोज एक खूण चिकटवतं, त्यामुळे ऑफिस ती सुरक्षित दृश्यात उघडतं. पाठवणारा ओळखीचा असेल तरच पुढे जा. एकाच वेळी बऱ्याच फाइली असतील तर झिप उघडण्याआधीच तिच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये खाली 'अनब्लॉक'ची खूण करा, म्हणजे आतल्या प्रत्येक फाइलीला वेगळं करावं लागत नाही.

आणि मेलमधून, व्हॉट्सॲपमधून किंवा झिपच्या आतून थेट उघडलेल्या फाइलीत काम सुरू करू नका. ती तात्पुरती प्रत असते, बहुतेकदा 'रीड ओन्ली'. आधी 'सेव्ह ॲज' करून डॉक्युमेंट्समध्ये आणा.

घाटावरचा
+१. यावरून आठवलं, नाव फार लांब झालं तरी एक्सेल अडतं. फोल्डरांसकट पूर्ण पत्ता २१८ चिन्हांच्या पलीकडे गेला की झालं. मराठी नावांना ही मर्यादा लवकर लागते. 'क्षेत्रफळ' दिसायला चार अक्षरं, पण मोजणीत नऊ चिन्हं. फोल्डरांत फोल्डर घालताना नावं आटोपशीर ठेवा.

अबोली
हे माहीत नव्हतं! तलाठी कार्यालयातल्या फोल्डरांची नावं बघितली तर कळेल का अडतं ते.

कातळशिल्प
जुनी हार्ड डिस्क नव्या मशीनला लावल्यावर 'ॲक्सेस डिनाइड' येतं त्याबद्दल. फोल्डरचा मालक जुन्या विंडोजचा वापरकर्ता असतो, नवं विंडोज त्याला ओळखत नाही. 'प्रॉपर्टीज', 'सिक्युरिटी', 'ॲडव्हान्स्ड', वर 'ओनर'च्या पुढे 'चेंज', स्वतःचं नाव, आणि आतल्या फोल्डरांनाही लागू करायची खूण. इथे लोक थांबतात. मालकी मिळाली म्हणजे फक्त परवानगी बदलायचा हक्क मिळतो. परत त्याच जागी जाऊन स्वतःला 'फुल कंट्रोल' द्यावा लागतो. हे आपल्या डेटाच्या फोल्डरवरच करा, विंडोज किंवा प्रोग्रॅम फाइल्सवर कधीच नाही.

फाइलीच्या चिन्हावर बारीक कुलूप दिसत असेल तर मात्र मालकी घेऊन भागत नाही. ती विंडोजनेच कूटबद्ध केलेली आहे. किल्ली जुन्या खात्याच्या प्रमाणपत्रात असते. जुनं विंडोज अजून चालू होत असेल तर त्याच खात्यात जाऊन प्रमाणपत्र खासगी किल्लीसकट निर्यात करा, मग पुढचं. किल्लीची प्रत न ठेवता विंडोज नव्याने टाकलं तर त्या फाइली परत मिळत नाहीत. इतकं कडक सांगतोय कारण दुकानात पहिला सल्ला फॉरमॅटचाच मिळतो.

गवती चहा
कातळशिल्प, हे लिहिलंत ते फार बरं झालं.

आता सगळ्यात वाईट कुलूप. फाइलींच्या नावामागे अनोळखी शेपूट आणि प्रत्येक फोल्डरमध्ये '_रीडमी' नावाची टेक्स्ट फाइल. हे खंडणीखोर व्हायरसचं आहे. घरगुती संगणकांवर क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून पसरलेलं स्टॉप-देजावू घराणं यात आघाडीवर. चिठ्ठीत ९८० डॉलर मागतात, ७२ तासांत दिले तर ४९०. पैसे देऊ नका, किल्ली मिळेलच याची हमी नाही.

आधी वायफाय बंद आणि पेनड्राइव्ह, बाहेरच्या डिस्का काढा. चिठ्ठी पुसू नका, तिच्यातला आयडी लागतो. तो 'टी१' ने संपत असेल तर किल्ली ऑफलाइन आहे, म्हणजे त्याच उपप्रकारात बऱ्याच जणांना एकच, आणि सुटायची शक्यता आहे. एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये १४८ उपप्रकारांसाठी फुकट साधन काढलं. युरोपोल आणि डच पोलिसांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' संकेतस्थळावर नमुना टाकला की कुठला प्रकार आहे ते कळतं. ऑनलाइन किल्ली असेल तर आज उपाय नाही, पण फाइली वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. हे घराणं प्रत्येक फाइलीचा फक्त सुरुवातीचा साधारण दीडशे केबी भाग बिघडवतं, त्यामुळे मोठे व्हिडिओ दुरुस्तीच्या साधनाने बरेचसे परत मिळू शकतात. छोटी वर्ड फाइल मात्र सगळीच जाते. तक्रार १९३० या सायबर मदतक्रमांकावर.

दवबिंदू
आणि वनड्राइव्ह चालू असेल तर सिंक ताबडतोब थांबवा, नाहीतर बिघडलेल्या फाइली वर चढतात. चढल्याच असतील तर ब्राउझरमधून फाइलीवर राइट क्लिक करून 'व्हर्जन हिस्टरी' बघा.

सांजवेळ
अबोली, तुमचं बरोबर निघालं. 'अनलायसन्स्ड' होतंच, भाची दुसऱ्याच ईमेलने आत गेली होती. बटणं परत काळी झाली, ती टाइप करत बसलीय. एकच विचारायचं राहिलं, एक्सेलच्या एका पानावर शिक्षकांनी पासवर्ड लावलाय, तो काढता येतो का?

अबोली
येतो, पण शिक्षकांना विचारूनच. सूत्रं पुसली जाऊ नयेत म्हणून लावलेला असतो. तिने भरायच्या चौकटी मोकळ्याच ठेवलेल्या असतील, टॅब दाबत जा म्हणावं, कर्सर त्याच चौकटींवर थांबत जाईल.