आयरिश शिकवायचं ट्रेनिंग चालू आहे, पण वर्गात तोंड उघडायची भीती वाटते, काय करू?

फोंड्याची_शेवंती
नमस्कार मंडळी, मी फोंड्याची, सध्या आयर्लंडात स्कॉलरशिपवर भाषाशास्त्रात पीएचडी करते. दोन वर्षं आयरिश शिकले, मागच्या उन्हाळ्यात गॉलवेच्या पश्चिमेला कॅरारो गावात एका बाईंकडे राहून कोर्स केला, तिकडे अजून घराघरात आयरिश बोलतात (अशा घरमालकिणीला ‘बॅन अ टी’ म्हणतात, म्हणजे घरची बाई, सरळ आपली कोंकणी घरकान्न!). आता डिपार्टमेंटने सांगितलंय की जानेवारीपासून बिगरीच्या वर्गाचे आठवड्याला दोन तास तू घे, आणि त्यासाठी ट्रेनिंग लावलंय.

गेल्या आठवड्यात मायक्रो-टीचिंग (शिकवायचा छोटा सराव-पाठ) झालं. दहा मिनिटं, इंग्लिशचा एक शब्द काढायचा नाही, फक्त चित्रं आणि हातवारे. ‘बॅन’ म्हणजे बाई, पण ‘ती बाई’ म्हणताना सुरुवातीचा ब बदलतो आणि लिहिताना बी-एच होतं. आता रोमनमध्ये बी-एच दिसलं की आपलं तोंड आपोआप भ म्हणतं ना, पण तिथे तो व असतो. मला हे पाठ आहे हो, पण घाबरले आणि सगळ्यांसमोर ठणठणीत आवाजात ‘अन भ्यॅन’. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

दुसरी गंमत सांगते. आयरिशमध्ये ‘तू’ला तूच म्हणतात, उच्चारही आपल्या त सारखा. आणि ‘तुम्ही’ला म्हणतात शिव, पण तो फक्त अनेकांना, आदरार्थी नाही. साठीच्या प्रोफेसरांना तू म्हणायला माझी जीभच वळेना, म्हणून मी पहिले दोन महिने त्यांना शिव शिव करत राहिले, तर ते एकदा मान वळवून मागे बघायला लागले, आणखी कोण आलंय म्हणून 😅

वर्गात अर्धी मुलं परदेशी असतील पण बाकीची आयरिशच, शाळेत तेरा-चौदा वर्षं भाषा सक्तीने शिकून विसरलेली. त्यांच्यासमोर ही गोव्याची बाई काय म्हणून उभी राहणार? कोणी परकी भाषा शिकवली असेल तर सांगा प्लीज.

निवृत्त_मास्तर_डिचोली
अगो बाय, हसलं तर हसू दे. माझ्या वर्गात घरी कोंकणी बोलणारी पोरं, कन्नड बोलणारी पोरं, आणि पुस्तक मराठी. पहिले पंधरा दिवस मी पुस्तक उघडतच नसे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारखा बाजार मांडायचो. चिंचोके म्हणजे पैसे, एकाने विकायचं, दुसऱ्याने भाव पाडायचा. भांडताना पोरगं चूक-बरोबर विसरतं बघ. तूही तसंच काहीतरी मांड. आणि एक विचारतो, त्यांच्यात माणसं मोजायची पद्धत कशी आहे? आपल्याकडे दोन आंबे पण दोघं भाऊ, हे घोटून घ्यायला मला फार वेळ लागायचा.

पर्वरी_टू_पर्ड्यू_नाही
मी फुलब्राइटच्या एफएलटीए प्रोग्रामवर (परदेशी लोकांनी अमेरिकन कॉलेजात आपली भाषा शिकवायची) अमेरिकेत नऊ महिने हिंदी शिकवली, घरात मात्र सगळं मराठी. ‘ने’ कुठे लागतो हे मला यूपीवाल्या सहकाऱ्यापेक्षा बरं समजावता यायचं, कारण मी स्वतः तिथे ठेचकाळलो होतो आणि त्याने आयुष्यात कधी विचारच केला नव्हता. तुमचा तो भ्यॅन मुद्दाम पहिल्याच तासाला सांगून टाका, मग मुलंही चुकायला मोकळी. बाय द वे, त्याच प्रोग्रामवर आयर्लंडहूनही लोक येतात अमेरिकन कॉलेजांत आयरिश शिकवायला, आणि कॅनडातल्या युनिव्हर्सिट्यांसाठीही त्यांची वेगळी स्कॉलरशिप आहे, तिथल्या कोणाला गाठा, वर्गात चालणारे खेळ त्यांच्याकडे भरपूर.

साखळीकर_९९
इथे मराठी शाळांना पोरं मिळत नाहीत आणि आमची माणसं आयरिश शिकवायला चालली. कोंकणी-मराठी वाद नको करायला, पण वाईट वाटतं.

टीवायबीए_काणकोण
ताई कुठली स्कॉलरशिप? मला पण जायचंय 🙏

फोंड्याची_शेवंती
मास्तर, तुम्ही तर नेमकं बोट ठेवलंत! त्यांच्यातही माणसांचे आकडे वेगळे. नुसतं मोजताना ‘दो’, वस्तू दोन असतील तर ‘ग़ा’, माणसं असतील तर ‘बेर्च’, म्हणजे दोघं, मग ‘त्र्यूर’ तिघं. आपलं चौघांवर संपतं, पुढे पाच जण, सहा जण. त्यांचं दहापर्यंत चालतं, आणि बारा माणसांना पण स्वतंत्र शब्द. इंग्लिश बोलणारी मुलं इथे हमखास अडकतात आणि मला ते पहिल्या दिवशी कळलं होतं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही की हे माझ्याकडे जास्तीचं आहे. तसंच भूक लागण्याचं, ते म्हणतात ‘आहे भूक माझ्यावर’. हो-नाही ला सरळ शब्दच नाहीत, ‘आहे का?’ ला ‘आहे’ नाहीतर ‘नाही आहे’, आपल्या कोंकणी आसा आणि ना सारखं.

साखळीकर, वाईट मलाही वाटतं, पण इकडचं ऐका. 1937 च्या घटनेत आयरिश पहिली राजभाषा, 2007 पासून युरोपियन युनियनमध्येही अधिकृत, 2022 च्या जनगणनेत 18 लाखांहून जास्त लोक म्हणाले आम्हाला येते. आणि शाळा-कॉलेजबाहेर रोज बोलणारे किती, तर 72 हजारांच्या आसपास. आपण गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यावरून अजून भांडतोय आणि घरात मुलांशी इंग्लिश बोलतोय, म्हणून मला हे सगळं फार ओळखीचं वाटतं.

काणकोण, माझी युनिव्हर्सिटीची आहे. मास्टर्सला आयर्लंड सरकारची बघ, वर्षाला 60 जणांना देतात, 10,000 युरो आणि फी माफ, पण एकाच वर्षासाठी. परवा माझं दुसरं मायक्रो-टीचिंग. मास्तर, बाजारच मांडते, मासळीचा, चित्रं काढायला बसलेय.

निवृत्त_मास्तर_डिचोली
बरें. सुंगटांचा भाव किती लावलास आणि कोणी किती पाडला ते कळव.