एफबीआय आणि सीरियल किलर: तुटपुंजा पैसा पाठलागावर घालावा की तपासावर?

(चर्चेतल्या प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तिसरी घंटा

एफबीआयचे दोन एजंट, एक खुनी, चार गोळीबार आणि शेवटी तळघर. या साच्यातले कमी बजेटचे थरारपट सतत येत असतात आणि बहुतेक एकाच जागी फसतात. माझं म्हणणं सरळ आहे. हातात पैसा थोडा असेल तर तो पाठलागावर घालू नये, तपासावर घालावा. या विषयातला खरा थरार तिथेच आहे, शिवाय तो स्वस्त आहे.

आधी हिशेब. पटकथा ९० पानांची आणि शूटिंग १८ दिवसांचं धरलं, तर रोज ५ पानं उरकायची. टेबलापाशी बसलेल्या दोन माणसांचा ५ पानांचा प्रसंग एका दिवसात नीट होतो. गाड्यांचा पाठलाग कागदावर पाऊण पान दिसतो आणि अख्खा दिवस खातो. रस्ता बंद करायची परवानगी, बंदोबस्त, स्टंट ड्रायव्हर, एकसारख्या दोन गाड्या, शिवाय प्रत्येक टेकनंतर सगळ्या गाड्या पुन्हा मूळ जागी आणायला १०-१५ मिनिटं. राहिलेली सव्वाचार पानं पुढच्या दिवसांच्या डोक्यावर बसतात. मग कात्री लागते ती तपासाच्या प्रसंगांना. एजंट फोटोंकडे एकदा बघतो आणि तीन वाक्यांत खुन्याचा सगळा स्वभाव सांगून मोकळा होतो, ते यामुळे.

दुसरा मुद्दा अधिकारक्षेत्राचा. अमेरिकेत खून हा सहसा राज्याच्या अखत्यारीतला गुन्हा असतो. १९९८च्या केंद्रीय कायद्याने एफबीआयला सीरियल खुनांच्या तपासात येता येतं, पण त्यासाठी तीन किंवा जास्त खून हवेत आणि स्थानिक किंवा राज्य पोलिसांच्या प्रमुखाने तशी विनंती करायला हवी. आपल्याकडे सीबीआयला राज्याची संमती लागते, तसाच हा पेच. महाराष्ट्राने २०२०मध्ये सरसकट संमती काढून घेतली आणि २०२२मध्ये परत दिली, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला हे फोड करून सांगावं लागत नाही. पण या सिनेमांत एजंट शेरीफच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक पोलिसप्रमुखाच्या, खोलीत शिरतो, बॅज दाखवतो आणि ‘आता ही केस आमची’ म्हणतो. खरा प्रसंग उलटा आहे. शेरीफला स्वतःच्या हाताने विनंतीचं पत्र लिहायचंय, म्हणजे आपल्याला जमलं नाही हे कागदावर मान्य करायचंय. एक खोली, दोन नट, अर्धा दिवस. एवढा संघर्ष फुकट पदरात पडत असताना तो सोडून लोक गाड्या उलटवतात.

तिसरं, खुनी प्रत्यक्षात कसे सापडतात ते बघा. ‘मिडनाइट इन द स्विचग्रास’ हा २०२१चा सिनेमा ज्या ट्रकचालकाच्या प्रकरणावर सैलसर बेतलाय, त्या रॉबर्ट बेन ऱ्होड्सला १ एप्रिल १९९०ला ॲरिझोनाच्या एका हायवे पोलिसाने पकडलं. हायवेच्या कडेला धोक्याचे दिवे लावून उभा असलेला ट्रक त्याला दिसला, म्हणून तो बघायला गेला, आणि ट्रकच्या झोपायच्या कप्प्यात साखळीने बांधलेली बाई सापडली. कॅन्ससमधल्या विचिटा शहराच्या डेनिस रेडर या सीरियल किलरने पोलिसांनाच विचारलं होतं की फ्लॉपीवरून माझा माग लागेल का. पोलिसांनी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून ‘काही अडचण नाही’ असं कळवलं. त्याने फ्लॉपी पाठवली, तिच्यातल्या पुसलेल्या फाइलमध्ये त्याच्या चर्चचं नाव आणि ‘डेनिस’ हे नाव निघालं, आणि फेब्रुवारी २००५मध्ये तो आत गेला. एक वर्तमानपत्र, एक संगणक, एक फ्लॉपी. याहून स्वस्त आणि याहून अंगावर काटा आणणारा क्लायमॅक्स मला सांगा.

गच्चीवरचा

हिशेब बरोबर मांडलात, पण अर्धाच मांडलात. सिनेमाला पैसा येतो कुठून, ते तुम्ही धरलंच नाही.

या वर्गातल्या बऱ्याच सिनेमांचं भांडवल आगाऊ विक्रीतून उभं राहतं. शूटिंगच्या आधीच जर्मनी, जपान, आखाती देश अशा एकेका प्रदेशाचे हक्क विकले जातात आणि त्या करारांवर कर्ज उचललं जातं. विकत घेणारा पटकथा बारकाईने वाचत बसत नाही. तो पोस्टरवरचा चेहरा, हातातली बंदूक आणि दीड मिनिटाचा ट्रेलर बघतो. विनंतीच्या पत्राचा ट्रेलर होत नाही. आणि त्यातला शब्दाशब्दाचा खेळ डबिंगमध्ये निम्मा विरतो. मारामारीला डबिंग लागत नाही. तुमचा फ्लॉपीचा क्लायमॅक्स मलाही बघायला आवडेल, पण तो बनायला पैसा जमवायचा कसा, याचं उत्तर तुमच्या हिशेबात नाही.

ॲक्शन महागच असते, हेही मला पटत नाही. ती जागच्या जागी करता येते. ऱ्होड्सचंच उदाहरण घ्या. ट्रकची केबिन आणि मागचा झोपायचा कप्पा, एवढ्या जागेत अख्खी मारामारी बसते. चालत्या ट्रकचा प्रसंग उभ्या ट्रकमध्ये रात्री सहज होतो. बंपरखाली लाकडी फळीची तरफ लावून एक माणूस गाडी हलवत राहतो. दोघं जण एलईडीच्या नळ्या हातात घेऊन खिडकीजवळून चालत जातात, ते समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे. मागे लांबवर दोन छोटे लाल दिवे. काचेवर पाण्याचा फवारा मारला की बाहेर काही नाही, हे लपतं. रस्ता बंद नाही, परवानगी नाही, ट्रेलरवर ट्रक चढवायचा खर्च नाही.

हे फसतं ते तीन कारणांनी. नट उगाच स्टीअरिंग फिरवत बसतो (सरळ हायवेवर ते जेमतेम हलतं). दिवे दर वेळी सारख्याच अंतराने जातात, त्यामुळे ताल लक्षात येतो. आणि बाजूच्या काचेत लाइट धरणाऱ्या माणसाचं प्रतिबिंब पडतं. तिन्ही गोष्टी फुकटात टाळता येतात.

मोगरा

दोघांचं वाचलं. मला गोळीबाराबद्दल बोलायचंय, कारण तिथे पैसा वाचवताना माणसं मेली आहेत.

ऑक्टोबर २०२१मध्ये न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ या सिनेमाच्या सेटवर बंदुकीत खरी गोळी निघाली आणि सिनेमॅटोग्राफर हॅलिना हचिन्स गेल्या. १९९३मध्ये ‘द क्रो’च्या शूटिंगच्या वेळी दारू काढलेल्या डमी काडतुसाचा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) तसाच राहिला होता. त्याच्या धक्क्याने गोळीचं टोक नळीत अडकलं, पुढे त्याच बंदुकीतून ब्लँक (गोळी नसलेलं, नुसत्या दारूचं काडतूस) झाडलं गेलं आणि ब्लँकच्या दाबाने ते टोक नट ब्रँडन ली यांना लागलं, आणि ते गेले. नुसतं ब्लँकसुद्धा जवळून जीव घेतं. ज्या सेटवर शस्त्रं सांभाळणाऱ्या माणसालाच आणखी दोन कामं दिलेली असतात, तिथे खरी बंदूक आणूच नये. यात मी जराही मागे हटणार नाही.

पर्याय गॅस ब्लोबॅक एअरसॉफ्टचा, म्हणजे गॅसच्या दाबावर चालणाऱ्या नकली बंदुकीचा. त्यात घोडा दाबल्यावर स्लाइड खरंच मागे जाते, त्यामुळे मनगटाला हिसका बसतो. नळीच्या तोंडाचा जाळ नंतर संगणकावर टाकायचा. बहुतेक जण तो तीन-चार फ्रेम ठेवतात आणि खोटेपणा तिथेच उघडा पडतो. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर जाळ एका फ्रेमपुरता पुरे. काही गोळ्यांना तो अजिबात नसला तरी चालतं. पण त्या क्षणी नटाच्या चेहऱ्यावर आणि बाजूच्या भिंतीवर उजेड पडायलाच हवा. म्हणून सेटवरच घोड्याच्या वेळेवर छोटा एलईडी चमकवायचा. थंडीत रात्रीचं शूटिंग असेल तर गॅसचा दाब पडतो आणि स्लाइड अर्ध्यात अडकते. मॅगझिन अंगातल्या खिशात उबदार ठेवायची आणि प्रत्येक बंदुकीमागे तीन तरी जवळ असू द्यायची.

आणि एक गोष्ट, जिला दमडी लागत नाही: निशाण धरेपर्यंत बोट घोड्यावर नको. प्रशिक्षित एजंट दारात मधोमध उभा राहून आत डोकावत नाही, चौकटीच्या कडेने खोली थोडी थोडी नजरेखाली घालत जातो. नटाला एका दुपारी शिकवता येतं. हे चुकलं की जाकिटावर एफबीआयची तीन अक्षरं कितीही मोठी असोत, तो माणूस एजंट वाटत नाही.

तिसरी घंटा

मोगरा, प्रत्येक शब्द मान्य.

गच्चीवरचा, आगाऊ विक्रीचा मुद्दा खरा आहे, पण रोगही तिथेच आहे. पोस्टरवरच्या चेहऱ्याला एक-दोन दिवसांसाठी घेतलं जातं. त्याचे सगळे प्रसंग एकाच जागी, बहुतेक ऑफिसात किंवा गाडीत, उरकतात आणि मग दीड तासात पेरतात. समोरच्या नटाचे शॉट्स दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी बसवलेल्या बदली माणसाच्या खांद्यावरून घेतात. दोघांच्या नजरा जुळत नाहीत, एकाच प्रसंगात उजेडाची दिशा बदलते. वरिष्ठ एजंट फोनवरूनच केस चालवतो, त्यामागे कथेची गरज नसते, कॉल शीट (कोण कोणत्या दिवशी सेटवर, याचा तक्ता) असते.

जागेचंही तसंच. ‘मिडनाइट इन द स्विचग्रास’ घडतो फ्लोरिडात, शूटिंग झालं पोर्तो रिकोत. तिथे स्थानिक खर्चावर ४० टक्के कर सवलत मिळते. फ्लोरिडाची योजना २०१६मध्येच बंद पडली. सवलत घ्या, जरूर घ्या, पण मग कथा तिथली लिहा. नाही तर पाट्या, नंबरप्लेट आणि झाडं लपवण्यात दिवस जातो आणि सगळा सिनेमा जवळच्या शॉटमध्ये कोंडला जातो. ट्रकस्टॉपची कथा आणि क्षितिज दिसत नाही, हे मनाला लागतं. २००४मध्ये ओक्लाहोमाच्या एका गुन्हे-विश्लेषक बाईंच्या लक्षात आलं की इंटरस्टेट ४० या महामार्गाच्या कडेने बायकांचे मृतदेह एका विशिष्ट पद्धतीने सापडताहेत. त्यातून एफबीआयची हायवेवरच्या खुनांची मोहीम उभी राहिली, ५००हून जास्त बळी एका तक्त्यात आले. त्या तक्त्याचा आणि त्या रस्त्याचा संबंध दिसायला रस्ता लांबवर दिसावा लागतो.

आणि कमी खर्चातल्या थराराचा नमुना हवा असेल तर ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मधली दाराची घंटा घ्या. सिनेमा मोठ्या बजेटचा, पण तो प्रसंग नाही. एजंटांचा ताफा एका घराला वेढा घालतो. फुलं पोचवणाऱ्याच्या वेषातला माणूस बेल दाबतो. कट. खुन्याच्या तळघरात घंटा वाजते. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. खुनी दार उघडतो, आणि समोर नायिका, एफबीआयची शिकाऊ एजंट क्लॅरिस, एकटी. ताफा दुसऱ्या राज्यात, रिकाम्या घरासमोर. दोन दारं, एक घंटा आणि संकलन. शिवाय एजंट एकटी का, याचं चोख उत्तरही त्यातच आहे. बाकीच्या सिनेमांत ती फक्त पटकथेला हवी म्हणून एकटी असते.

रूम टोन

ध्वनीचा विषय कोणीच काढला नाही. ट्रकस्टॉपवर थंड माल नेणाऱ्या ट्रकांचं कूलिंग युनिट रात्रभर धडधडत असतं. त्यात घेतलेला संवाद वापरता येत नाही आणि डबिंगचे पैसे बजेटमध्ये नसतात. पाहणीला दुपारी जाऊ नका, ज्या वेळी शूटिंग आहे त्याच वेळी जा. प्रत्येक जागेचा नुसता आवाज निदान ३० सेकंद ध्वनिमुद्रित करा. घंटेच्या प्रसंगाचं कितीही कौतुक करा, पण तो दोन घरांना जोडणाऱ्या आवाजावर उभा आहे. तिथे ध्वनी बिघडला तर संकलन काही करू शकत नाही.

गच्चीवरचा

रूम टोन, अगदी. घंटेचं उदाहरण मात्र माझ्याच बाजूचं आहे, असं मला मनापासून वाटतं. वेढा आहे, दार फोडून शिरणं आहे, नंतर अंधारात हिरव्या दुर्बिणीतून तिच्यामागे फिरणारा खुनी आहे आणि गोळी आहे. ही ॲक्शनच आहे. तुम्ही तिला तपास म्हणताय, कारण ती नीट बांधलेली आहे.

तपासावरच सिनेमा उभा राहतो याचा दाखला म्हणून कोणी ‘लाँगलेग्ज’चं नाव घेईल म्हणून आधीच सांगतो. २०२४चा सिनेमा, बजेट १ कोटी डॉलरच्या आत, जगभरात १२ कोटींच्या वर कमाई. पण तो भयपट म्हणून विकला गेला, खुन्याचा चेहरा जाहिरातीत लपवून ठेवून. वितरकाने ती जाहिरात महिनोन्‌महिने चालवली. २० लाख डॉलरच्या आतल्या ॲक्शनपटाला तशी जाहिरात कोण देणार?

१८ दिवसांतले दोन दिवस मी ॲक्शनलाच ठेवीन. एक उभ्या ट्रकचा, एक दाराचा. शेरीफचं पत्र घ्या तुम्ही, अर्धा दिवस दिला.

तिसरी घंटा

एक दिवस हवा. पत्र लिहून झाल्यावर शेरीफ ते लगेच देत नाही. तो उठतो, भिंतीवरच्या नकाशातल्या टाचण्या मोजतो, आणि त्या दोनच भरतात. तिसऱ्या खुनाशिवाय त्या कायद्याने एफबीआय येऊ शकत नाही, हे खोलीतल्या दोघांनाही माहीत आहे. तो शॉट मला घाईत नको.