जमशेदपूरहून बेळगावला येत आहोत: एकाच फेरीत भाड्याची घरे कशी पाहावीत?

टाटानगरहून

सर्वांना नमस्कार. येत्या जूनपासून मला उद्यमबागेतील एका फाउंड्रीत गुणवत्ता विभागात रुजू व्हायचे आहे. माझे माहेर सावंतवाडीचे असल्यामुळे लहानपणी आंबोली घाट चढून कापडखरेदीसाठी बेळगावला येणे होत असे. परंतु या शहरात राहण्याचा अनुभव नाही आणि हक्काने सांगावे असे नातेवाईकही तिथे कोणी नाहीत. यजमान, पाचवीत जाणारा मुलगा आणि गुडघ्यांमुळे जिना चढू न शकणाऱ्या सासूबाई असे आमचे चौघांचे कुटुंब आहे. त्यामुळे तळमजल्यावरचे दोन बेडरूमचे घर हवे आहे.

अडचण अंतराची आहे. आझाद हिंद एक्सप्रेसने पुण्याला आणि तिथून पुढे बेळगावला, असे जाण्यायेण्यातच रजेचा बराच भाग संपतो. म्हणून मे महिन्यात एकच फेरी शक्य आहे आणि त्या फेरीत घर ठरवूनच परतावे लागेल. एजंटांना फोन केला, तर "मॅडम, तुम्ही या तर खरं, घरं भरपूर आहेत," एवढेच उत्तर मिळते आणि नेमका पत्ता विचारला की फोटो येतात. भेटीच्या वेळा इतक्या लांबून कशा ठरवाव्यात, कोणत्या भागापासून सुरुवात करावी, आणि घर पाहण्याआधीच टोकन मागणाऱ्याला काय सांगावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हिंदवाडीकर

ताई, बेळगावात स्वागत. आपण घरांपासून सुरुवात करत आहात, तिथे आधी भाग ठरवा, कारण एकाच फेरीत कॅम्प, सह्याद्रीनगर आणि वडगाव असे शहराच्या तिन्ही टोकांना हिंडलात तर दिवस रिक्षातच जाईल. उद्यमबाग खानापूर रोडवर, शहराच्या दक्षिण अंगाला आहे. तेव्हा टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर, अनगोळ आणि थोडे पुढे मजगाव, पिरनवाडी एवढ्यातच शोधावे. या पट्ट्यात रेल्वेची पहिले, दुसरे आणि तिसरे गेट ही नावे पत्त्यातही येतात. तिसऱ्या गेटवर उड्डाणपूल झाला आहे. बाकी ठिकाणी गाडीच्या वेळेला फाटक पडले की थांबावे लागते. म्हणून घर रुळाच्या कोणत्या बाजूला आहे आणि मुलाची शाळा कोणत्या बाजूला, हे पहिल्या फोनवरच विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. शहराला राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांतून पाणी येते, पण काही वॉर्डांत ते चोवीस तास असते आणि बाकीच्या ठिकाणी काही दिवसांआड पाळीने सुटते. मालकाला "पाणी आहे का?" असे विचारल्यास उत्तर नेहमी "भरपूर" असेच येते. त्याऐवजी नळ किती दिवसांनी सुटतो, किती वाजता सुटतो, संप (जमिनीखालची पाण्याची टाकी) किती लिटरचा आहे, आवारात विहीर किंवा बोअर आहे का, आणि मोटारीचे वीजबिल कोणाच्या मीटरवर पडते, असे एकेक करून विचारावे. शक्य असल्यास त्या घराची भेट नळ सुटण्याच्या वेळेलाच ठेवावी. मी तर म्हणेन की बाकी काही जमले नाही तरी चालेल, एवढे मात्र कराच.

आपण मे महिन्यात येत आहात याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण मे महिन्यात बेळगावातले प्रत्येक घर कोरडे ठणठणीत दिसते. इथला पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमेकडून झोडपतो आणि जुन्या घरांच्या त्या बाजूच्या भिंती ओल धरतात. तेव्हा पश्चिमेची भिंत कोणत्या खोलीची आहे हे पाहून तिथले कपाट जरा पुढे ओढायला लावावे. भिंतीच्या पायथ्याशी सुटलेले पोपडे, एकाच पट्ट्याला दिलेला ताजा रंग, खिडकीच्या चौकटीखाली उतरलेला पिवळट ओघळ, यांपैकी काही दिसले तर मालकाला सरळ विचारावे. चांगला मालक लपवत नाही.

आधी सुरतेत

आमचेही कुटुंब सुरतेहून अनगोळला असेच लांबून घर शोधून आले. वरच्या उत्तरात एक भर घालतो. फोटोंवर आणि आधी चित्रित केलेल्या व्हिडिओवर मुळीच विसंबू नये. चालू व्हिडिओ कॉलवर घर पाहावे आणि तो कॉल गल्लीच्या तोंडापासून सुरू करायला सांगावा. गल्लीत चारचाकी वळते का, समोर काय आहे, गटार उघडे आहे का, हे त्या अर्ध्या मिनिटात कळते आणि पत्ता न सांगणारा एजंट तिथेच मागे हटतो.

आपल्या सासूबाईंसाठी एक विशेष सूचना आहे. इथली जुनी घरे उंच जोत्यावर बांधलेली असतात, त्यामुळे "तळमजला" म्हटले तरी उंबरठ्यापर्यंत चार-पाच पायऱ्या असू शकतात आणि त्यांना कठडा असेलच असे नाही. काही घरांत संडास अजूनही परसात आणि भारतीय पद्धतीचा असतो. पावसाळ्यात रात्री त्यांनी छत्री घेऊन तिथवर जाणे शक्य नाही. कॉलवर पायऱ्या मोजून घ्याव्यात, बाथरूमचे दार उघडायला लावावे आणि कमोड नसल्यास मालक बसवू देतील का हे तेव्हाच बोलून घ्यावे. मांसाहार चालतो का, हाही प्रश्न याच वेळी विचारलेला बरा, कारण काही मालकांची त्याबाबत अट असते आणि ती दारात उभे राहिल्यावर कळली तर ती भेट वाया जाते.

अशा कॉलमधून चाळून उरलेलीच घरे प्रत्यक्ष पाहावीत. एका दिवसात चारपेक्षा जास्त घरे ठेवू नयेत. संध्याकाळपर्यंत कोणते स्वयंपाकघर कोणत्या घराचे, हे आठवेनासे होते.

मागवाली गल्ली

वडगाव आणि शहापूर भागांत भाडे तुलनेने कमी ऐकून आपण तिकडे वळलात, तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मी स्वतः विणकर घरातला असल्यामुळे हे तक्रार म्हणून लिहीत नाही, साड्यांवरच आमची घरे उभी राहिली आहेत. परंतु शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग असतील तर त्यांची खडखड दिवसभर आणि अनेकदा रात्रीही चालते. ज्यांचा जन्म त्यात गेला त्यांना ती ऐकूही येत नाही, पण वयस्कर आणि नवख्या माणसाची झोप उडते. म्हणून मागांच्या सुट्टीच्या दिवशी घर पाहून होकार देऊ नये. दुसरे म्हणजे बळ्ळारी नाल्याच्या बाजूचा भाग सखल आहे. ऑगस्ट २०१९ च्या पावसात शहरातल्या नाल्याकाठच्या आणि सखल वस्त्यांत पाणी शिरले होते. त्या वर्षी आपल्या दारात पाणी कुठवर आले होते, हा प्रश्न मालकाला न विचारता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारावा.

खानापूर रोड

टोकनबद्दल आपण विचारले आहे, त्याचे उत्तर स्पष्ट आहे: घर आपण स्वतः किंवा आपल्या विश्वासाच्या माणसाने आतून पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. "लष्करात आहे, अचानक बदली झाली, किल्ली शेजाऱ्याकडे आहे, आधी क्यूआर कोड स्कॅन करा" असे सांगून लुबाडण्याचा प्रकार देशभर चालतो, आणि बेळगाव लष्करी छावणीचे गाव असल्यामुळे इथे तो खराही वाटतो. यूपीआयचा पिन पैसे देताना टाकावा लागतो, पैसे घेताना कधीच नाही. कोणी फसवलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

घर पसंत पडल्यावर हेस्कॉमचे, म्हणजे इथल्या वीज कंपनीचे, ताजे वीजबिल पाहायला मागावे. त्यावरचे नाव आणि भाडे घेणाऱ्याचे नाव जुळत नसेल, तर नाते काय ते विचारून घ्यावे. त्याच बिलावरचा आर.आर. नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) टिपून ठेवावा, कारण राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंतच्या वापराची सवलत भाडेकरूलाही मिळते, परंतु आधीच्या भाडेकरूची नोंद त्या मीटरवर राहिली असेल तर ती काढून घ्यावी लागते. खोली रिकामी करण्याआधीच हे त्याच्याकडून करवून घेण्यास मालकाला सांगावे. नंतर तो माणूस सापडत नाही.

आपल्याला कोणी "लीजवर" घर देऊ केले, म्हणजे मोठी रक्कम एकदाच ठेवायची, महिन्याचे भाडे द्यायचे नाही आणि मुदत संपल्यावर रक्कम परत घ्यायची, तर अशा एका फेरीत तो निर्णय घेऊ नये. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा लीजचा करार उपनिबंधक कार्यालयात नोंदवावा लागतो, आणि त्याआधी त्या मिळकतीवर बोजा आहे का हे पाहण्यासाठी ई.सी. (बोजाचा दाखला) काढावी लागते. साधा अकरा महिन्यांचा भाडेकरार ई-स्टॅम्पवर होतो. तो बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो. कन्नड असल्यास सही करण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्यावा, विशेषतः डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापण्याची अट.

टाटानगरहून

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. अनगोळ आणि भाग्यनगर असे दोनच भाग ठेवले आहेत, आणि कंपनीतील एक भावी सहकारी एप्रिलमध्ये दोन-तीन घरे आतून पाहून येण्यास तयार आहेत. एकच शंका उरली: शनिवार-रविवारी घरे पाहावीत की कामाच्या दिवशी?

हिंदवाडीकर

सहकाऱ्यांना सुट्टीच्या दिवशी जाऊ द्या, म्हणजे मालक घरी भेटतील आणि निवांत बोलतील. आपण मात्र शुक्रवारी पोहोचावे आणि शनिवारी घरे पाहावीत. त्यांतले जे मनात भरेल ते रविवारी संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर घेऊन पुन्हा पाहावे. सोमवारी सकाळी उद्यमबागेत पाळी भरण्याच्या वेळेला त्या घरापासून कारखान्यापर्यंत एकदा रिक्षाने जाऊन यावे, आणि परत येताना ई-स्टॅम्प घेऊन करार करावा. तोवर मालकाने थांबावे म्हणून शनिवारीच त्यांना तोंडी सांगून ठेवा की सोमवारी दुपारपर्यंत हो किंवा नाही नक्की कळवते. एजंटाचे कमिशन किती आणि ते कोण देणार, हेही त्याच शनिवारी पहिल्या घरात शिरण्याआधी ठरवून घ्यावे.