मदत हवी आहे: बाबांचा टीएमएओ १४ आलाय, मटण बंद करायचं का? (कोल्हापूर)

राजारामपुरी_८वी_गल्ली
बाबा ६१ वर्षांचे. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि ॲस्पिरिन चालू आहे, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ६८, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.५. परवा तपासणीच्या पॅकेजमध्ये टीएमएओ (रक्तातलं एक रसायन, हृदयाच्या धोक्याशी जोडतात म्हणे) १४ मायक्रोमोल प्रति लिटर आला, पुढे 'हाय' लिहिलंय. घरी बुधवारी आणि रविवारी मटण असतं. बाबा पीस खात नाहीत, 'नुसत्या रश्श्यात काय असतंय' म्हणत तांबडा-पांढरा वाट्या वाट्या पितात. रोज एक उकडलेलं अंडं. तालमीतल्या कुणीतरी सांगितलं म्हणून एल-कार्निटीन (मटणातही असणारा घटक) ५०० मिग्रॅच्या दोन गोळ्या घेतात. तपासणीच्या आदल्या रात्री बांगडा होता.
आकडा खरा धरायचा का? काय बंद करायचं? मेडिकलवाला प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंची पुडी) देतोय, घ्यायचं का?

सीरम_प्लाझ्मा
बांगडा होता म्हणताय, तर हा रिपोर्ट बाजूला ठेवा. समुद्री माशात टीएमएओ तयारच असतो, त्याला आतड्यातले जिवाणू लागतच नाहीत. खाल्ल्यावर काही तासांत रक्तातला आकडा कितीतरी पट चढतो. मोरी माशात (शार्क) तर फारच. नदीच्या माशात नगण्य.
दुसरं म्हणजे क्रिएटिनिन. टीएमएओ लघवीवाटे बाहेर पडतो. ६१ वर्षांच्या पुरुषाला क्रिएटिनिन १.५ म्हणजे ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात तो आकडा) ५२-५३ च्या घरात, म्हणजे कमीच. अशा मूत्रपिंडांत तो साचतो आणि उतरायलाही वेळ घेतो. त्यामुळे १४ मधले किती मटणाचे, किती बांगड्याचे आणि किती मूत्रपिंडाचे, हे या एका रिपोर्टवरून कुणालाच सांगता येणार नाही.
परत करायचीच तर आधी दोन-तीन दिवस मासा नको, १२ तास उपाशी, महिनाभरात अँटिबायोटिक झालेलं नसावं (जिवाणू दबले की आकडा खोटा कमी येतो), आणि क्रिएटिनिन त्याच नमुन्यातून.

आहार_सल्ला_कोपू
या यादीत मला सगळ्यात खटकतात त्या कार्निटीनच्या गोळ्या. मटणातलं कार्निटीन निम्म्याहून जास्त लहान आतड्यातच शोषलं जातं. गोळीतलं जेमतेम १५-१८ टक्के. उरलेलं मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात (नासक्या मासळीचा वास येतो ना, तोच वायू), आणि यकृतातलं एफएमओ-३ एन्झाइम त्याचा टीएमएओ करतं. दिवसाला १००० मिग्रॅ म्हणजे जिवाणूंना रोज जेवणावळ. गोळी किडनीच्या किंवा दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेली असेल तर त्यांना विचारून, नाहीतर आजच बंद.
रश्श्याबद्दल बाबांचा हिशेब चुकतोय. कार्निटीन पाण्यात विरघळतं, मटण शिजताना अळणीत (मटण शिजवलेल्या पाण्यात) उतरतं, आणि त्याच अळणीचा पांढरा रस्सा होतो. वर नारळाच्या दुधाचं संपृक्त मेद. बायपास-अँजिओप्लास्टीच्या माणसाला मला त्याचीच जास्त काळजी वाटते, आणि क्रिएटिनिन बघता मिठाचीही. आठवड्यातून एकदा, दोन-तीन पीस आणि एक वाटी रस्सा, सोबत भाकरी आणि उसळ, इतकं चालावं. बुधवारी कोंबडी करा. रोज लाल मांस, रोज कोंबडी आणि मांसाशिवाय प्रथिनं असे तीन आहार चार-चार आठवडे देऊन पाहिलेत: लाल मांसावर टीएमएओ सरासरी तिप्पट झाला, कोंबडीवर तसा वाढला नाही, आणि लाल मांस थांबवल्यावर महिन्याभरात उतरला. तिथे रोज पाव किलोच्या आसपास मांस होतं, तुमच्या दोन वारांशी थेट तुलना करू नका.
अंडं राहू दे. त्यातलं कोलीन (जिवाणू ज्याचं ट्रायमिथिलअमाइन करू शकतात असं आणखी एक पोषकद्रव्य; एका अंड्यात दीडशे मिग्रॅच्या आत) लेसिथिन नावाच्या मेदात बांधलेलं असतं. सुट्या कोलीनच्या गोळीने टीएमएओ चढतो, रोज चार अंडी देऊनही तसा चढलेला दिसला नाही. कलेजी मात्र टाळा.

नाडी_आणि_ठोके
घाबरू नका, पण उडवूनही लावू नका. क्लीव्हलँड क्लिनिकच्या २०१३ च्या अभ्यासात ४००७ रुग्ण तीन वर्षं पाहिले. सगळ्यात जास्त टीएमएओ असलेल्या चौथ्या हिश्श्याला सगळ्यात कमी असलेल्यांपेक्षा झटका, पक्षाघात, मृत्यू यांचा धोका सुमारे अडीच पट. प्लेटलेट जास्त चिकट होतात हेही दिसलंय. पण टीएमएओ उतरवला म्हणून झटके कमी झाले असं माणसांत अजून सिद्ध नाही. मूत्रपिंडं मंदावली म्हणून तो वाढला, असंही असू शकतं. त्यामुळे बाबांच्या बाबतीत मी टीएमएओपेक्षा क्रिएटिनिनच्या मागे लागेन: लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन), बीपी, साखर.
प्रोबायोटिक नको. टीएमएओ खात्रीने उतरवणारी पुडी दुकानात मिळत नाही. जिवाणू मारायला अँटिबायोटिक तर मुळीच नाही, औषध थांबलं की ते परत येतात.

राजारामपुरी_८वी_गल्ली
गोळ्या बंद केल्या, त्या कुणाही डॉक्टरांनी लिहिलेल्या नव्हत्या. परत तपासणी कधी करू?

सीरम_प्लाझ्मा
चार-सहा आठवड्यांनी. तोवर गोळी आणि मटण दोन्ही एकदम कमी केलंत तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. बाबा ऐकत असतील तर आधी फक्त गोळी बंद, रस्सा आहे तसा. आणि नमुना सोमवारी सकाळी देऊ नका, रविवारचं मटण त्यात येईल. शनिवार बरा.