फुफ्फुसाचं ऑपरेशन झालंय? मग इथं लिहा (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी)

तिलकवाडी, बेळगाव (धागा काढणारा)

ऑपरेशनची तारीख मिळालेल्या हुक्केरीकडच्या एका बाईंचा मध्यंतरी फोन आला. खर्च विचारला नाही, किती वर्षं काढीन हेही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "छातीतली नळी काढताना लई दुखतंय काय हो?" मी म्हटलं, "श्वास भरून धरायला सांगतात आणि सटकन ओढतात. तोंडातून शिवी निघते, पण ती पुरी व्हायच्या आत काम झालेलं असतं." बाई हसल्या. सर्जनला हे माहीत नसतं असं नाही, पण त्याची नळी कुणी काढलेली नसते.

आपल्याकडची अडचण अशी की ही माणसं फार विखुरलेली आहेत. बहुतेकांचा फुफ्फुसाचा कॅन्सर कळतो तोवर ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असते, म्हणून ज्याचं झालं तो गावात एकटाच. बायपासवाले गल्लीत दोन मिळतील, फुफ्फुसवाला तालुकाभर शोधावा लागतो. कुणी बेळगावातच करून घेतं, कुणी मिरज-कोल्हापूरला जातं, कुणी राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडून बंगळूरला किडवाई कॅन्सर दवाखान्यात, कुणी मुंबईत परळला टाटात. घरी परतल्यावर भेटायला येतात ते सगळे "जपा हं" म्हणणारे. काय जपायचं ते कुणाला ठाऊक नसतं.

माझं थोडक्यात सांगतो. उजव्या फुफ्फुसाला तीन लोब म्हणजे भाग असतात, डाव्याला दोन. माझा उजव्या बाजूचा खालचा लोब दुर्बिणीतून काढला. आता व्हॅक्सिन डेपोवर रोज फिरतो, चढावर बोलत मात्र नाही.

लिहिताना दुसऱ्याला डोस सुचवू नका. तक्रार असेल तर दवाखान्याचं नाव नको. देवाबद्दल मोकळेपणी लिहा, कारण आपल्यातल्या बहुतेकांनी त्याच आधारावर दिवस काढलेत. देवानं गाठ विरघळवली असं कुणी लिहिलं तर मात्र मी रिपोर्ट मागणार.

खानापूर तालुका, भजनी मंडळातला

मिसरूड फुटल्यापासून मी आमच्या मंडळात चाल सांगतो. माझा डाव्या बाजूचा वरचा लोब गेला. शुद्धीवर आल्यावर बायकोला हाक मारली, तर आवाजच नाही, नुसती हवा. डॉक्टरांनी नंतर कागदावर चित्र काढून दाखवलं. आवाजाची एक नस डाव्या बाजूला छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि परत गळ्यात चढते. त्या भागातल्या गाठी काढताना तिला धक्का बसू शकतो. काहींचा आवाज पुरता येतो, काहींचा अर्धा. माझा अर्धा आला.

छातीच्या दुखण्यापेक्षा हे जड गेलं. एकादशीला मंडळी घरी जमली तर मी आतल्या खोलीत तोंड फिरवून पडलो. आमचे पखवाजवाले आत आले आणि म्हणाले, "तुला गा म्हणून कोण म्हटलंय? टाळ धर." टाळ वाजवायचा तर दोन्ही हात छातीसमोर उचलायला लागतात, आणि डावा खांदा कानाकडे जाईच ना. फिजिओवाल्या पोरीनं भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला सांगितलं होतं. पण खांदा मोकळा झाला तो हरिपाठ संपेपर्यंत टाळ खाली ठेवायचा नाही या हट्टानं.

आता चाल पुतण्या सांगतो, मी मागं धरतो. पूर्वी अख्खा चरण एका श्वासात यायचा, आता मध्ये तोडावा लागतो. कुठं तोडला तर अर्थ मोडत नाही हे बसवण्यात एक पावसाळा गेला. विठोबाला चालतंय असं दिसतं, अजून तक्रार आलेली नाही.

निपाणी (आई सांगते, मी लेक लिहिते)

मी बिड्या वळून पोरं वाढवली, ओढली एकबी नाही. खोकला लागला तर आधी टीबी म्हणून गोळ्या चालू झाल्या. थुंकीत जंतू कधी सापडलाच नाही, तरी गोळ्या चालूच. वजन उतरत चाललं तेव्हा थोरल्या जावयानं मिरजेला नेलं. सीटी स्कॅन केला, सुई घालून तुकडा काढला, आणि कॅन्सर निघाला. तंबाखूच्या धुरळ्यानं झालं काय, म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणाले, एकट्या तुमच्यापुरतं बोट ठेवून सांगता येत नाही, कधी न ओढलेल्या बायकांनाही हा होतो. गाठीची जीन तपासली, तिच्यात ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बदल निघाला. म्हणून ऑपरेशननंतर रोज एक गोळी आहे, ३ वर्षं घ्यायची.

त्या गोळीनं नखांच्या कडा फुटल्यात. बिडीचं तोंड दुमडून दाबायला नख लागतं, आता दाबलं की डोळ्यांत पाणी येतं. शेजारची आपा माझ्या वाटणीच्या थोड्या वळून देते आणि मी तिची पानं कातरून देते, कात्रीला नख लागत नाही. तिनं उरुसात माझ्या नावची साखर वाटली. मी यल्लम्माला बोलले होते, तर यंदा सौंदत्तीला जाऊन आले. पौर्णिमेला नाही, गर्दी नसलेल्या वारी. उदं गं आई उदं म्हणत लोक भंडारा उधळतात, ती हळद छातीत गेली तर खोकून जीव जायचा. म्हणून तोंडाला मास्क, वरनं पदर. आईला तोंड दिसलं नसेल, पण माणूस कळलं असेल.

बायकांसाठी एक सांगते. व्रणावर ब्लाउजची शिवण घासते आणि तिथली कातडी बधिर असूनसुद्धा आग होते. मी मालकांची बनियन उलटी घालते, म्हणजे शिवण बाहेर राहते, आणि वर सैल ब्लाउज.

तिलकवाडी

काकूंनी म्हटलेली जीन तपासणी ज्यांची झाली नसेल त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्या. काढलेल्या गाठीचे मेणात जपलेले ठोकळे दवाखान्यात असतात, त्यावर नंतरही होऊ शकते. पुढची गोळी त्या रिपोर्टावर ठरते.

उद्यमबाग, बेळगाव, फौंड्रीतून निवृत्त

मी देव मानत नाही. घरच्यांनी अंगारा लावला, उशीखाली लिंबू ठेवलं. ठेवू दिलं, लिंबू काही टोचत नाही.

माझा आधार होता शेजारच्या खाटेवरचे धारवाडचे गृहस्थ. त्यांना मराठी येत नाही आणि माझं कन्नड शॉपफ्लोअरपुरतं. दोघांच्या छातीत नळ्या, खाली जमिनीवर पाण्याच्या बाटल्या. खोकलं की पाण्यात बुडबुडा येतो, म्हणजे आत अजून हवा गळते आहे. त्यांचे बुडबुडे आधी थांबले, माझे चालूच. रात्री झोप नव्हती तर ते उठून बसायचे आणि माझ्या बाटलीवर नजर ठेवायचे. सिस्टर यायची ती "केम्मरी, जोर केम्मरी" करत, म्हणजे खोका, जोरात खोका. खोकताना टाके उसवतील असंच वाटतं. उशी छातीशी घट्ट आवळून खोकायचं असतं हे मला तिनं नाही, त्यांनी करून दाखवलं.

ते श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र असतं ना, ६००, ९००, १२०० लिहिलेलं, ते लोक फुंकत बसतात. फुंकायचं नाही, ओढायचं. चेंडू वर गेला की तसाच थोडा वेळ लोंबकळत ठेवायचा. आदळून लगेच खाली आला तर त्याचा उपयोग नाही.

अजूनही त्यांचा अधूनमधून फोन येतो. पहिला शब्द, "केम्मिद्री?" खोकलात का?

खानापूर, चर्चला जाणारी

मी हेच रोझरीवर केलं. एका मण्याला एक श्वास, दहा मणी झाले की थांबायचं. फिजिओबाईंनी जागेपणी दर तासाला दहाच सांगितले होते, त्यामुळे मोजायला घड्याळ लागलं नाही.

चिकोडी तालुका, सूनबाई

आमचे मामंजी माळकरी. ऑपरेशनच्या आधी घरात खरा घोळ झाला तो भावकीमुळे. चाकू लागला की हा रोग पसरतो, असं एकानं डोक्यात भरवलं. दुसऱ्यानं देवऋषी सुचवला, तो म्हणे अमावास्या जाऊ दे. मामंजी तारीख पुढं ढकलायला निघाले. डॉक्टर बोलले, मुलगा बोलला, मी रडले, काही उपयोग नाही. शेवटी संकेश्वरहून ओळखीतले एक अण्णा आले. त्यांचं हेच ऑपरेशन झालेलं. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, मग उठून सदरा वर केला आणि काखेखालून पाठीकडे गेलेला व्रण दाखवला. म्हणाले, "बोट लावून बघा." मामंजींनी खरंच बोट फिरवलं. "इथं कळतंय?" "नाही, तिथं बधिर आहे." "आणि शेतात जाता?" "पाटाचं पाणी मीच फिरवतो." पुढं अमावास्येचा विषय निघाला नाही.

नंतरचा घोळ खाण्याचा. वजन वाढवा, अंडी द्या, असं आहारवाल्या मॅडम म्हणाल्या. माळकऱ्याला अंडं कुठलं! मग मटकी, मसूर, दही, पनीर, शेंगदाण्याचा कूट, डाळीचं घट्ट वरण असं बसवलं. एकदम ताट वाढलं की त्यांना धाप लागायची, म्हणून थोडं थोडं करून बऱ्याच वेळा. एकादशी ते सोडेनात. तेव्हा मी गावच्या कीर्तनकार महाराजांनाच घरी बोलावलं. महाराज म्हणाले, आजाऱ्याला उपास नाही, तुमच्या वाटचा मी धरतो. त्यांनी खरंच धरला का माहीत नाही, पण मामंजी त्या दिवशी जेवले.

निपाणीजवळून

माझ्या यजमानांचं ऑपरेशन चांगलं झालं होतं, किमोची ४ सत्रंही पुरी केली. तरी दुसऱ्या वर्षी आजार परत आला, आणि ते गेले. इथं लिहू की नको असं झालं होतं, कारण नव्या माणसाला भीती बसेल. पण एक सांगायचं आहे. दिवसकार्याला एका नातेवाईक बाईंनी मला ऐकवलं की श्रद्धा कमी पडली. त्या माणसानं शुद्ध होती तोवर काकड आरती चुकवली नाही. कुणाच्याही दारात जाऊन असं बोलू नका.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्ही राहिलो होतो, तिथल्या तिघीजणी अजून मला फोन करतात. दोघींचे मालक बरे आहेत. त्या आपल्या घरातलं चांगलं सांगायला कचरतात, तेव्हा मीच विचारून घेते, सीटी काय आला म्हणून.

तिलकवाडी

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. हे इथं राहू दे.

येळ्ळूर

बाबांचं ऑपरेशन गेल्या हिवाळ्यात झालं. आषाढीला पायी दिंडीत जातो म्हणतात. ऐकत नाहीत. कुणी गेलंय का?

खानापूर तालुका, भजनी मंडळातला

मी गेलो, पण पंढरपूरजवळच्या वाखरीपर्यंत गाडीनं आणि तिथून पुढं चालत. आधी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी जिना चढायला लावून बोटाला ऑक्सिजनचं चिमटं लावून बघितलं, मग हो म्हणाले. नाकानं घ्यायचा, ओठ शिट्टी मारताना करतो तसे करून हळू सोडायचा, आणि धाप लागली की बाजूला व्हायचं. दिंडीत कुणी हसत नाही. बाबांना सांगा, विठोबा गाडीतून उतरलेल्यालापण भेटतो.

येळ्ळूर

वाचून दाखवलं. "बघू" म्हणालेत. आमच्या घरात बघू म्हणजे अर्धं हो.

बेळगाव, कागदपत्रांत पडलेला

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कार्डाला कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार बसतात, एपीएलला (दारिद्र्यरेषेवरच्यांना) योजनेनं ठरवलेल्या खर्चाच्या, म्हणजे पॅकेजच्या ३० टक्के मिळतात. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना देण्याचा निर्णय घेतला आहे. आपलं गाव यादीत आहे का आणि तो दवाखाना योजनेत आहे का, हे भरती व्हायच्या आधी विचारा. आमच्याकडं कार्ड कन्नडमधलं, रिपोर्ट इंग्रजीतले आणि अर्ज मराठीत, नावाचं स्पेलिंग तिन्हीकडं वेगळं. त्यातच जास्त वेळ गेला. सगळ्याच्या झेरॉक्स एका फाइलीत ठेवा, आणि फाइल सांभाळायला असा माणूस द्या जो काउंटरवर चिडत नाही.

चिकोडी तालुका, सूनबाई

असा माणूस आमच्या घरात नाही.

उद्यमबाग

मी येतो. सोमवार सोडून कधीही. मी चिडतो, पण कन्नडमध्ये चिडायला शब्द कमी पडतात.

तिलकवाडी

पहिली दोन वर्षं साधारण सहा महिन्यांनी सीटी असतो. त्याच्या आधीच्या आठवड्यात झोप जाते, चिडचिड होते, देवळाच्या फेऱ्या वाढतात. सगळ्यांचं होतं. ज्यांची तारीख जवळ आली असेल त्यांनी नुसतं "सीटी आहे" एवढं लिहा, कुणीतरी फोन करेल. कन्नडमध्ये लिहिलंत तरी चालेल, वाचणारे आहेत.

निपाणी (लेक)

आई विचारते, पाऊस लागला की व्रणाची बाजू आखडते आणि मुंग्या येतात, हे सगळ्यांचं होतंय काय?

खानापूर, चर्चला जाणारी

माझं होतं. थंडीत जास्त.

उद्यमबाग

होतंय की. बरगड्यांच्या मधल्या नसा दुखावलेल्या असतात, डॉक्टर म्हणाले वर्षभरही चालतं काहींचं. फार झालं तर त्यावर वेगळी गोळी देतात, सोसत बसू नका म्हणावं. आणि तिथं गरम पाण्याची पिशवी ठेवू देऊ नका. कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही. आमच्याकडं एकाला फोड आले होते.